दाद आणि तिची मुदत



ग्राहक-चळवळीचे कार्यकर्ते, छोटे कारखानदार, दुकानदार आणि वकील आज एकाच मांडवाखाली बसले आहेत. तरीही बाजारातील स्पर्धा मोडणाऱ्यांविरुद्ध दाद कोणी मागावी, या प्रश्नावर मी वेळ घेणार नाही, कारण 2002 च्या स्पर्धा अधिनियमाच्या 19 व्या कलमाने कोणत्याही व्यक्तीला, ग्राहकाला वा व्यापारी संघाला भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करण्याची मुभा दिली आहे, आणि अर्जदाराचे स्वतःचे नुकसान झालेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अर्ज दाखल झाल्यानंतर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

सिमेंटचे उदाहरण घ्या. कंपन्यांनी संगनमताने भाव चढवले, अशी फिर्याद मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या बांधकाम कंत्राटदारांच्या अखिल भारतीय संघटनेने केली. 2012 मध्ये आयोगाने सुमारे 6,300 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुनावणीस नसलेल्या अध्यक्षांनी हुकुमावर सही केली म्हणून 2015 मध्ये तो हुकूम रद्द झाला. 2016 मध्ये फेरसुनावणीअंती आयोगाने पुन्हा दंड केला, 2018 मध्ये अपिलात तो कायम राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शिवाय दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याने चढ्या भावाने पोते विकत घेतले, त्याला भरपाईसाठी कलम 53-एन खाली अपील न्यायाधिकरणापुढे निराळी दरखास्त करावी लागते, आणि तीही उल्लंघन सिद्ध झाल्यावर. अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, एवढेच कायदा म्हणतो. अर्जदाराला मात्र 2023 च्या दुरुस्तीने अर्ज करण्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. या विषमतेचे मला फार नवल वाटते!

याउलट, ब्रिटनच्या 2002 च्या कायद्याने काही नामनिर्देशित ग्राहक-संस्थांना असा अधिकार दिला की, बाजाराच्या एखाद्या अंगाने ग्राहकांचे हित बिघडत असल्याची तक्रार त्यांनी केली, तर तेथील स्पर्धा प्राधिकरणाने 90 दिवसांत कारणांसह जाहीर उत्तर दिलेच पाहिजे. कर्जासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या विम्याविरुद्ध 2005 मध्ये अशीच तक्रार झाली, आणि त्या बाजाराची रीतसर चौकशी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये हीच पद्धत उचलली आणि तीत लघुउद्योगांच्या संघटनांनाही स्थान दिले, ही मला विशेष मोलाची गोष्ट वाटते. कारण ज्या छोट्या दुकानदाराला एकाच बड्या पुरवठादाराकडून माल घ्यावा लागतो, तो उद्या माल बंद होईल या धास्तीने अर्जावर सही करीत नाही. त्याचे नाव गुप्त ठेवण्याची तजवीज आपल्याकडे आहे खरी, परंतु तालुक्याच्या गावात चारच विक्रेते असले, तर अर्ज कोणाचा हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? संघटनेने सही केली, तर तो निदान तिच्या आड उभा राहू शकतो.

आपल्याकडेही संघटनांना तक्रारीचा असा दर्जा दिला तर त्यातील काही मातबर होतील आणि परस्परांतील हेवेदावे आयोगाच्या दप्तरी नेतील, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. म्हणूनच संध्याकाळच्या सत्रात येणाऱ्या याविषयीच्या ठरावाच्या मसुद्यातील ‘शासनाने विचार करावा’ हे शब्द मला अपुरे वाटतात. संघटनेची निवड कोणत्या निकषांवर व्हावी, तिचे हिशेब कोणी तपासावेत आणि 90 दिवस कोणत्या तारखेपासून मोजावेत, हे त्यात लिहिले जावे, अशी माझी सूचना आहे.