फटफटीचें एंजिन : शक्ति, दुरुस्ती आणि आनंद

मोटारसायकलीला आपल्या लोकांनीं ‘फटफटी’ हें नांव दिलें, तें कानानें दिलेलें नांव आहे. वाहन दृष्टीस पडण्यापूर्वींच त्याचें एंजिन ऐकूं येत असे. आज तो आवाज पुष्कळ सौम्य झाला आहे. गाडी घेणारा मनुष्य तिची शक्ति विचारतो, लिटरला किती चालते तें विचारतो. पण हें यंत्र अडलें तर तें कोण व कोठें उघडील, हें विचारण्याचें बहुधा विसरतो.

या प्रश्नाचें मोल शिरूर व दौंड या तालुक्यांत चांगलें कळतें. घोडनदीकांठचें शिरूर पुणें-नगर रस्त्यावर, तर भीमाकांठचें दौंड हें रेल्वेचें जंक्शन. दोहोंच्या दरम्यान न्हावरें, चौफुला या बाजूस उसाचे मळे आणि उसाच्या गाड्या. येथें कोणी पहांटे दुधाच्या किटल्या लावून निघतो, कोणी रांजणगांवच्या कारखान्यांत पाळीला जातो. एंजिन वाटेंत बंद पडलें तर एकाचें दूध नासतें, दुसऱ्याचा रोज बुडतो.

इ. स. १९८५ मध्यें दोन गाड्या बाजारांत आल्या. हिरो होंडा सीडी १०० हिचें एंजिन ९७.२ घनसेंटिमीटरचें, यामाहा आरएक्स १०० हिचें ९८ चें. आकार जवळजवळ एकच. परंतु पहिलीची शक्ति सुमारें ७ अश्वशक्ति आणि दुसरीची ११. याचें कारण आरएक्सचें एंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांचें होतें. त्यांत प्रत्येक फेऱ्यांत एक स्फोट होतो. कॅमनें उघडणाऱ्या झडपा नाहींत. सिलिंडरच्या भिंतींतील द्वारें दट्ट्याच उघडतो व मिटतो. मूठ पिळतांच गाडी झेप घेई. हेड उतरवून काजळी खरवडणें चौकांतल्या मिस्त्रीस सहज जमे. पण या सोपेपणाची किंमत हवेला द्यावी लागे : ऑइल पेट्रोलबरोबर जळे, आणि कांहीं पेट्रोल न जळतांच बाहेर जाई. नुकसान मालकाचें, धूर मात्र सर्वांचा! १९९६ मध्यें तिचें उत्पादन थांबलें.

सीडी १०० चें एंजिन चार धावांचें. त्यांत दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणून चपळाई कमी. झडपा, कॅम व साखळी आल्यानें भागहि अधिक. तरीहि ती गांवोगांवीं रुजली, कारण ती पेट्रोल थोडें पिई आणि तिच्या झडपांचें अंतर साध्या स्क्रूनें व नटानें जुळवितां येई. तेव्हां भाग पुष्कळ असणें आणि दुरुस्ती अवघड असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाग किती टिकतो आणि तेथवर हात पोंचतो कीं नाहीं, हेंच पाहावयाचें.

आनंदाचेंहि तसेंच आहे. जुन्या बुलेट ३५० च्या दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर व धाव ९०. लांब धाव आणि जड चक्र यांमुळें ती मंद गतींतहि ओढते. उसाच्या गाडीमागें संथपणें चालतांना तिची मौज कमी होत नाहीं. उलट, चाकण येथें २०१३ मध्यें तयार होऊं लागलेल्या केटीएम ३९० ड्यूकचा व्यास ८९ आणि धाव ६०. बुलेटची शक्ति सुमारें १८, हिची ४३. आखूड धावेचें हें एंजिन पाण्यानें थंड होतें आणि जलद फिरण्यांतच खुलतें. मोकळ्या हमरस्त्यावर तें अप्रतिम. पण त्याच्या झडपा जुळविण्यास मोजून निवडलेल्या चकत्या लागतात. तें काम प्रत्येक चौकांत होत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. कारब्युरेटरची जागा बहुतेक इंधन फवारणाऱ्या यंत्रणेनें घेतली. थंडींत चोक ओढण्याचा त्रास गेला, धूरहि घटला. ही सुधारणा न्याय्यच आहे. पण बिघाडाचा दिवा लागला म्हणजे त्याचा अर्थ वाचण्यास उपकरण हवें. कानानें दोष ओळखणारा मिस्त्री तेथें थबकतो.

दौंडकरांनीं वाफेचें, डिझेलचें व विजेचें, अशीं तिन्ही एंजिनें पाहिलीं. नवें एंजिन आलें म्हणजे रेल्वेनें तें चालविणारीं व दुरुस्त करणारीं माणसेंहि शिकविलीं. मोटारसायकल मात्र गांवांत आधीं पोंचते आणि तिची विद्या मागाहून येते. ती विद्या व तीं उपकरणें लहान मिस्त्रीपर्यंत नेणें हें कारखानदारांचें आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचें कर्तव्य आहे.

तोंवर ग्राहकानें तीन गोष्टी पाहाव्या : प्लग, फिल्टर व साखळी यांपर्यंत स्वतःचा हात पोंचतो काय, सुटे भाग तालुक्याच्या बाजारांत मिळतात काय, आणि दिव्याचा अर्थ सांगणारा जाणकार रोजच्या वाटेवर आहे काय. हीं उत्तरें मिळाल्यावर त्यानें अश्वशक्तीचा आंकडा खुशाल विचारावा. परत घरीं पोंचण्याची खात्री असली, म्हणजेच वेगाचा आनंद निर्वेधपणें भोगतां येतो.