दुष्काळग्रस्त भगिनींस सुईदोऱ्याचा उद्योग
(वाशीम जिल्ह्यांतील व्यापारी, काश्तकार व दानशूर गृहस्थ यांच्या सभेंत समितीच्या वतीनें वाचलेलें भाषण)



दुष्काळ निवारणाच्या सभेंत धान्य, वैरण आणि पाणी यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि वस्तूचें नांव निघालें तर तें ऐकणारास विचित्र वाटणें साहजिक आहे. मग कापडाच्या कातरणाचीं फुलें आणि फुलदाण्यांचीं व कळशांचीं नक्षीदार आवरणें हा विषय घेऊन आम्ही आपणांपुढें उभे राहिलों, हें पाहून कोणी मनांत म्हणेल कीं, लोकांच्या पोटास नाहीं आणि यांस फुलें सुचतात! हा आक्षेप रास्त आहे. आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून आपणांकडे एक पैहि मागण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आपल्या जिल्ह्याची स्थिति आपणांस सांगावयास नको. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाहि तालुक्यांतील शेती बहुतांशी आकाशाच्या पाण्यावर उभी आहे. पावसानें ओढ दिली म्हणजे संकट एकदम येत नाहीं. तें पायरीपायरीनें घरांत शिरतें. प्रथम निंदणी बंद होते, मग सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी हातची जाते; म्हणजे सर्वांच्या आधीं बाईमाणसाची मजुरी बुडते. नंतर घरांतील धडधाकट माणसें ऊसतोडीस, वीटभट्टीवर अथवा पुण्यामुंबईकडे इमारतीच्या कामावर निघून जातात. मागें राहतात त्या म्हाताऱ्या, लेंकुरवाळ्या, गरोदर बाया आणि वयांत येणाऱ्या मुली. त्यांच्याजवळचा दागिना गहाण पडतो, गाय बाजार दाखवते, आणि शेवटीं पेटींत जपून ठेवलेलें लग्नांतलें वस्त्र बाहेर निघतें. आमचें आजचें बोलणें या शेवटच्या पायरीविषयीं आहे.

दुष्काळांत सरकारनें काम द्यावें, ही रीत जुनी आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा मसुदा झाला आणि अंगांत बळ असणारानें काम करावें, ज्यास तें होत नाहीं त्यास फुकट मदत मिळावी, असा दंडक पडला. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत हाच दंडक चालला. १९७२ च्या अवर्षणांतहि आपल्या राज्यानें दुष्काळी कामांचा मोठा पसारा मांडला. १९७३ च्या मे महिन्यांत त्या कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें राबत होतीं. तेव्हां राज्याची धुरा वाहणारे वसंतराव नाईक हे आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यांतील गहुलीचे, बंजारा समाजांत जन्मलेले, हें येथें बसलेल्यांस ठाऊक आहेच. त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. या कामांनीं लाखों माणसें जगलीं. त्यांचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु खडी फोडणें आणि माती वाहणें हें ज्या हातांस झेपत नाहीं, त्या हातांपुढें दोनच मार्ग राहिले: उपास किंवा भिक्षा. आम्हांस तिसरा मार्ग दाखवावयाचा आहे.

हा मार्ग आमच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकऱ्यांवर उपासमारीची पाळी आली, तेव्हां लोकमान्य टिळकांनीं तेथील व्यापाऱ्यांशीं विचारविनिमय करून, विणकऱ्यांस त्यांच्याच मागावर काम मिळावें, अशी योजना आंखली. सरकारनें ती स्वीकारली नाहीं. तथापि तिच्यांतील तत्त्व खोटें ठरलें नाहीं. ज्याचीं बोटें बारीक धाग्यास सरावलीं आहेत, त्याच्या हातीं हातोडा दिला तर दुष्काळ सरेपर्यंत तो जगेल खरा, पण हातांतली कसबी नरमाई गमावून घरीं येईल. त्याच दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली व विधवा आणून केडगांवीं आश्रय दिला; पण अन्न देऊन त्या थांबल्या नाहींत. शिवण, विणकाम, छापखान्याचें काम असे उद्योग त्यांनीं त्या मुलींच्या हातीं दिले. अन्नानें एक वर्ष निभावतें, उद्योगानें पुढचीं वर्षें निभावतात, हें त्यांनीं जाणलें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें संत सेवालाल महाराजांचें स्थान. रामनवमीस तेथें देशभरचा बंजारा समाज लोटतो. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या भागांत या समाजाचे कित्येक तांडे आहेत. हे लोक मूळचे बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणारे व्यापारी. आगगाडी नव्हती, पक्क्या सडका नव्हत्या, तेव्हां एका प्रांताचें धान्य दुसऱ्या प्रांताच्या बाजारांत यांच्या तांड्यांनीं पोंचविलें. व्यापारी बंधूंनो, आपल्या पूर्वजांच्या दुकानांत आलेलीं कित्येक पोतीं यांच्याच बैलांनीं आणलीं असतील. १८६७ सालीं रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली आणि हा धंदा ओसरत गेला. बैल गेले, गोण्या गेल्या. राहिली ती बायांच्या बोटांतली सुई.

त्या सुईचें काम आपण पाहिलें आहे. फेटया म्हणजे घागरा, कांचळी, ओढणी यांवर रंगीत कापडाचे तुकडे जोडून, आरसे, कवड्या व गोंडे लावून केलेला तो कशिदा अंगावरच थांबत नाहीं. पाण्याच्या घागरीखालची चुंबळसुद्धां नक्षीची असते, आणि तिच्या मागें कवड्यांच्या झालरीचें चौकोनी वस्त्र लोंबत असतें. तेव्हां फुलदाणीचें आवरण हें नांव नवें असेल. पाण्याच्या भांड्याबरोबर नक्षी मिरविण्याची हौस मात्र तांड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्या कुणब्यांच्या, माळ्यांच्या घरींहि जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणारी आजी आहेच. कला शिकविण्यास बाहेरून कोणास आणावें लागणार नाहीं.

आणि नेमकी हीच वस्तु दुष्काळांत मातीमोल जाते. जुन्या फेटया व कांचळ्या पडत्या भावानें घेऊन, त्यांचे तुकडे कापून, पिशव्या व उशांचे अभ्रे करून विकणारा एक व्यापार आहे. आम्ही कोणाचें नांव घेत नाहीं. पण ज्या वस्त्रावर एका बाईनें वर्षानुवर्षें डोळे शिणविले, तें अडचणीच्या एका दिवशीं चार दिवसांच्या किराण्यासाठीं जातें, आणि त्याबरोबर मुलींनीं पाहून शिकावयाचा नमुनाहि घरांतून जातो. आमची पहिली विनंती हीच कीं, जुनें विकत घेऊं नका. नवें करावयास सांगा.

काम कसें व्हावें तेंहि थोडक्यांत सांगतों. कातरण आणल्यावर प्रथम तें निवडावें लागतें: सुती वेगळें, रेशमी वेगळें, कृत्रिम धाग्याचें वेगळें. लाल व गडद तुकडे आधीं पाण्यांत भिजवून पाहावे. रंग सोडणारा एक तुकडा सगळ्या नक्षीचा नाश करतो. सुती तुकड्यास खळ देऊन तो वाळविला म्हणजे पाकळी उभी राहते; आणि पाकळी कापडाच्या धाग्याशीं तिरपी कापली तर तिची कड लवकर उसवत नाहीं. कृत्रिम धाग्याच्या पाकळीची कड दिव्याच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली कीं ती आपोआप वळते व सुटत नाहीं. दोन बोटें रुंदीची पिवळी पट्टी लांबींत दुमडून, एका कडेस झिरमिळ्या कातरून गुंडाळली कीं झेंडू होतो. देंठास तार, तारेवर हिरवी चिंधी. आवरणासाठीं भांड्याचा घेर तोंडाशीं, पोटाशीं व तळाशीं अशा तीन ठिकाणीं मोजावा. आंतून धुतलेल्या जुन्या लुगड्याचें अस्तर, वरून तुकड्यांची नक्षी, आणि तोंडाशीं नाडी, म्हणजे आवरण काढून धुतां येतें. हें काम मांडीवर मूल निजलें असतां होतें, सावलींत होतें, आणि साठीच्या बाईसहि चष्मा मिळाला तर होतें.

मात्र एक भ्रम दूर केला पाहिजे. कातरण फुकट मिळालें म्हणून वस्तु फुकट पडते असें नाहीं. दोरा, तार, आरसे, कवड्या विकत आणाव्या लागतात. आणि सर्वांत मोठा खर्च वेळेचा. बाजारांत प्लास्टिकचीं फुलें मूठभर पैशांत मिळतात; स्वस्ताईंत आमच्या बाया त्यांच्याशीं कधींच टिकणार नाहींत, आणि त्यांनीं टिकूंहि नये. १९३५ सालीं चरखा संघानें कांतणारणीस तिच्या निर्वाहापुरतें वेतन मिळालें पाहिजे असा ठराव केला, मग खादी महाग झाली तरी चालेल. आमचाहि तोच नियम राहील. आधीं बाईच्या दिवसाची मजुरी ठरेल, मग वस्तूची किंमत.

मग गिऱ्हाईक कोठलें, असा प्रश्न व्यापारी प्रथम विचारील, आणि त्यानें विचारलाच पाहिजे. आपल्याकडे पोळ्यास बैलांच्या झुली व गोंडे लागतात, महालक्ष्म्यांच्या आराशीस फुलें व तोरणें लागतात, आणि लग्नसराईंत रुखवत मांडावें लागतें. पोळा आणि महालक्ष्म्या नवें पीक घरांत येण्यापूर्वींच येतात, म्हणजे ऐन अडचणीच्या दिवसांत हातीं पैसा येऊं शकतो. परंतु ज्या वर्षीं दुष्काळ, त्या वर्षीं गांवचा पोळाहि सुना जातो; केवळ गांवच्या गिऱ्हाइकावर हा उद्योग उभा केला तर गरज सर्वांत अधिक असेल त्याच वर्षीं तो कोसळेल. म्हणून माल नागपूर, पुणें, मुंबई येथें गेला पाहिजे. हें अशक्य नाहीं. कर्नाटकांतील संडूर येथील लंबाणी भगिनी, ज्या याच समाजाच्या, आपल्या कशिद्याच्या १४ प्रकारच्या टांक्यांसाठीं ओळखल्या जातात. त्यांच्या कामास भौगोलिक मानांकनहि लाभलें आहे. २०२३ च्या जुलैंत हंपी येथें जी-२० परिषदेच्या प्रसंगीं ४५० हून अधिक लंबाणी कारागिरांच्या १,७५५ वस्तु एकत्र मांडल्या गेल्या आणि त्या मांडणीची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. आपल्या पोहरादेवीसहि २०२४ च्या ऑक्टोबरांत बंजारा वारशाचें संग्रहालय उघडलें आहे. पेटींतला वारसा कांचेआड गेला, ही आनंदाची गोष्ट. तो हातांतहि राहिला पाहिजे.

आतां आमचें मागणें. कापडाच्या व्यापाऱ्यांनीं व शिंप्यांनीं आपलें कातरण केरांत न टाकतां सुती व रेशमी वेगळें करून आमच्याकडे द्यावें. काश्तकारांनीं पोळ्याच्या झुली व गोंडे तांड्यांतील बायांकडून करवून घ्यावे, आणि दुपारच्या वेळीं त्यांस बसावयास आपल्या वाड्याची एखादी पडवी मोकळी करून द्यावी. जे गहाणावर पैसा देतात, त्यांस हात जोडून सांगणें कीं, लग्नाचें वस्त्र गहाण घेऊं नका. आणि ज्यांस द्रव्यरूपानें साहाय्य करावयाचें आहे, त्यांनीं तें भांडवल म्हणून द्यावें. माल विकला कीं तो पैसा पुन्हा दोऱ्यांत व मजुरींत जाईल. एकदां दिलेला रुपया एकदांच खर्च होणार नाहीं.

आमच्याकडूनहि आपणांस चार वचनें. वस्तु हातीं येतांच मजुरी चुकती होईल, विक्रीची वाट पाहिली जाणार नाहीं. सदोष काम उसवून पुन्हा करवून घेऊं, पण दंड कापणार नाहीं. शाळेच्या वेळांत मुलींस कामास बसविणार नाहीं. आणि या खात्याचा हिशेब धान्यवाटपाच्या हिशेबापासून वेगळा ठेवून, ज्यास पाहावयाचा असेल त्यास दाखवूं.

सुईनें विहिरीस पाणी येत नाहीं, हें आम्ही जाणतों. धान्य, वैरण व पाणी यांची वर्गणी आधीं. त्यांतील एक दाणाहि या कामाकडे वळवूं नये, असें आमचेंच म्हणणें आहे. पण धान्याच्या रांगेंत उभी राहणारी बाई जेव्हां मान खालीं घालते, तेव्हां तिचें जें हरवतें तें कोणत्याहि मापानें परत मोजून देतां येत नाहीं. तिच्या हातचें फूल आपण योग्य मोल देऊन घरीं नेलें, तर त्या दिवशींची भाकरी तिनें मागितलेली नसेल, मिळविलेली असेल. आपण सर्व देणारे आहांच. या वेळीं घेणारेहि व्हा, एवढीच आमची विनंती आहे.