वृद्धाश्रम आणि आपली जबाबदारी

(शिक्षणसंस्थेच्या वार्षिक समारंभात ओवे येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे शिक्षण या विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र ज्यांनी आपल्याला बोट धरून शाळेत आणले, त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत असे मी ठरविले आहे. विषय थोडा कडू आहे. परंतु तो मी दुसऱ्या कुणाच्या घरातून उचललेला नाही, माझ्याच घरातला आहे.

माझी फुफी निपुत्रिक होती. तरुणपणी विधवा झाली आणि माहेरी परत आली. माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझा डबा, माझी पाटी, माझा ताप, सारे फुफीने पाहिले. पुढे सिडकोने जमिनी घेतल्या. साडेबारा टक्के योजनेत जो भूखंड मिळाला, त्यातला आपला हिस्सा तिने आम्हा भावांना देऊन टाकला. "मला काय करायचंय? तुम्ही आहात ना!" एवढेच ती म्हणाली.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हा आमचे जुने घर उरले नव्हते. एक भाऊ आखातात होता, दुसरा पुण्याला. माझी पत्नी स्वतः आजारी होती. आम्ही फुफीला दोन तासांच्या अंतरावरील एका वृद्धाश्रमात ठेवले. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. इमारत स्वच्छ होती, बाहेर बाग होती, महिन्याचे पैसे आम्ही वेळेवर भरत होतो. गावात कुणी विचारले तर आम्ही सांगत असू, "फुफी पुण्याला भावाकडे आहे."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, अकरा वाजता, मी भेटायला जाई. मला कचेरीशेजारच्या खोलीत बसवीत. फुफीला चाकाच्या खुर्चीतून आणीत. केस विंचरलेले, धुतलेली ओढणी, तोंडाला पावडर. ती फारसे बोलत नसे. मला वाटे, वय झाले.

एकदा त्या बाजूला सरकारी कामासाठी गेलो होतो, म्हणून आठवड्याच्या मधल्याच दिवशी, दुपारी तीन वाजता, न कळविता आत शिरलो. कचेरीत कुणी नव्हते. मी सरळ तिच्या खोलीकडे गेलो. अंथरूण ओले होते. पाण्याचा तांब्या खिडकीत, तिच्या हाताला न लागेल असा. चष्मा हरवून किती दिवस झाले होते, कुणालाच ठाऊक नव्हते. तिला कुशीवर वळविले तेव्हा कमरेखाली तळहाताएवढी जखम दिसली. बावीस वृद्धांना एकच आया होती, आणि ती बिचारी आदल्या संध्याकाळपासून कामावर होती. पाणी दूर का ठेवले, असे विचारल्यावर तिने खरे ते सांगितले : "जास्त पाणी प्यायल्या की जास्त वेळा बदलावं लागतं. एकटी कुणाकुणाचं करू?"

त्या बाईवर राग काढून उपयोग नाही, हे मला तेथेच उमगले. फुफीला मी घरी आणले. ती अकरा आठवडे जगली. जखम भरली नाही.

मित्रहो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली, तर हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि काही दिवसांतच शय्याव्रण पडते. त्यात ओलावा आणि अपुरे अन्नपाणी यांची भर पडली की जखम हाडापर्यंत जाते. हे टाळायला महागडे यंत्र लागत नाही, पुरेसे हात लागतात. वृद्धाश्रमाचा दर्जा प्रथम खालावतो तो येथेच, माणसांच्या संख्येत.

आता आपल्या राज्यातील व्यवस्था पाहू. निराधार वृद्धांसाठी शासनाची अनुदानित वृद्धाश्रम योजना १९६३ सालापासूनची. शासनाच्या माहितीपत्रकांत कित्येक वर्षे दरडोई दरमहा ९०० रुपये अनुदान छापलेले होते. म्हणजे दिवसाला ३० रुपये! त्यात जेवण काय, औषध काय आणि आयाचा पगार काय, याचा हिशेब येथील कोणतीही गृहिणी करू शकेल. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. शंभर जणांची सोय, निम्मे विनामूल्य आणि निम्मे दरमहा ५०० रुपये शुल्क भरून, अशी तिची आखणी होती. हेतू चांगले होते. परंतु एवढ्याशा पैशात इमारत उभी राहते, इमारतीतले हात उभे राहत नाहीत.

मग भरपूर पैसे घेणाऱ्या खाजगी आश्रमांत सारे ठीक असते काय? जून २०२५ मध्ये दिल्लीशेजारच्या नोएडा शहरात एका वृद्धाश्रमावर महिला आयोग, पोलीस व समाजकल्याण खात्याने छापा घातला. सुमारे चाळीस वृद्ध तेथे होते. काहीजण खोल्यांत कोंडलेले, एका बाईचे हात बांधलेले आढळल्याचे वृत्तपत्रांत आले. त्यांतील कित्येकांची मुले चांगल्या हुद्द्यांवर होती आणि नियमाने पैसे भरत होती. माझ्यासारखीच.

ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशालाही हा अनुभव आला. तेथे वृद्धसेवेची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमावा लागला. २०१९ साली त्याचा अंतरिम अहवाल आला, त्याला नावच 'उपेक्षा' असे दिले होते. २०२१ साली अंतिम अहवाल आला. त्यानंतर त्या देशाने एक साधी गोष्ट केली : मिनिटे मोजली. प्रत्येक वृद्धामागे दररोज सरासरी २१५ मिनिटांची सेवा, त्यातील ४४ मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची, असे प्रमाण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. माझ्या फुफीच्या आश्रमात एका आयाने चोवीस तास न झोपता काम केले असते, तरी एकेकाच्या वाट्याला ६५ मिनिटे आली असती.

आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्यात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याची सोय आहे आणि न्यायाधिकरणावर किमान उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी असतो. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्यावरही हा कायदा जबाबदारी टाकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास रद्द करून मागता येते. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दंड होऊ शकतो. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय असलेला आश्रम असावा, असेही त्यात म्हटले आहे. अशा आश्रमांची जिल्हावार माहिती गोळा करा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारला सांगावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले. वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरविणे हे त्यात होते. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. आज सार्वजनिक न्यासाने चालविलेल्या आश्रमाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. वहीतला जमाखर्च तपासला जातो. वृद्धाची पाठ कोण तपासणार?

ती आपण तपासली पाहिजे. आणि येथेच माझा अपराध आहे. मी फुफीला आश्रमात ठेवले, हा अपराध नव्हे. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत, मुलगा परदेशी आणि सून नोकरीला असताना, खिळलेल्या माणसाची सेवा प्रत्येक घरात होईलच असे नाही. चांगले आश्रमही आहेत. आपल्याच तालुक्यात नेऱ्याजवळ शांतिवनात कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेल्या कामातून वृद्धांनाही आसरा मिळाला. माझा अपराध हा, की मी ती गोष्ट लपविली. लपविल्यामुळे गावातले दुसरे कुणी तिला भेटायला गेले नाही. महिन्यातून एकच माणूस, एका ठरलेल्या वेळी येतो, हे आश्रमाला पक्के ठाऊक होते. दुर्लक्षाला याहून अधिक सोयीचे काय असणार?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या घरातले कुणी आश्रमात असेल तर सांगायला लाजू नका. ठेवण्यापूर्वी विचारा : रात्री किती माणसे कामावर असतात? परिचारिका आहे काय, डॉक्टर किती दिवसांनी येतात? कूस बदलल्याची आणि वजनाची नोंद कोठे ठेवता? न कळविता थेट खोलीपर्यंत येऊ देता काय? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आले तर तेथूनच परत फिरा. भेटायला जाल तेव्हा वेळ बदलून जा, पाण्याचा तांब्या पाहा, पाठ पाहा. काही गैर दिसले तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती, आज ती संख्या कितीतरी वाढली आहे. त्यांच्या सेवेसाठी शिकलेले हात हवे आहेत. तुमच्यापैकी काहींनी परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, मुलांनीसुद्धा. त्यात कमीपणा नाही. आणि निदान महिन्यातून एकदा, दोघा-तिघांनी मिळून, जवळच्या आश्रमात जावे. वर्तमानपत्र वाचून दाखवावे, पत्र लिहून द्यावे. तुम्ही उंबरठ्याच्या आत नुसते बसलात, तरी आतल्या माणसांना कळते की कुणीतरी पाहत आहे.

त्या बुधवारी खोलीत मला पाहून फुफी काय म्हणाली असेल? तक्रार नाही, रडणे नाही. ती म्हणाली, "आज रविवार आहे का रे?"

तुमच्या घरच्या वृद्धांना तुम्ही येण्याचा वार ठाऊक नसावा, इतक्या वेळा जा.