घरगुती दुकाने आणि समाजमाध्यमांवरील जाहिरात : काही टाळण्याजोग्या चुका

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांनी व्यापारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दुबई, शारजा, अजमान येथील आपल्या अनेक भगिनी आज इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या आधारे घरबसल्या मसाले, साड्या, दागिने, बुद्धमूर्ती व पुस्तके विकतात. त्यात घरची शिल्लक गुंतलेली असते. शिवाय संयुक्त अरब अमिरातीतील आपले वास्तव्य निवास-परवान्यावर अवलंबून असल्याने, चुकीची किंमत बुडालेल्या मालापुरती मर्यादित राहत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : जाहिरात हे ग्राहकाला दिलेले वचन होय, आणि पाळता न येणारे वचन देण्यातूनच बहुतेक चुका घडतात.

वचन देण्यापूर्वी ते देण्याचा अधिकार हवा. 'आम्ही केवळ फोटो टाकतो, दुकान कुठे आहे?' असा युक्तिवाद आपण ऐकतो. परंतु नियमितपणे माल विकणे हा व्यापारच आहे. दुबईच्या आर्थिक विभागाने २०१७ मध्ये समाजमाध्यमांवरून व्यवसाय करणाऱ्यांसाठी 'ई-ट्रेडर' परवाना सुरू केला. त्याला नागरिकत्वानुसार मर्यादा आहेत, आणि खाद्यपदार्थांसाठी नगरपालिकेचे नियम त्याहून निराळे आहेत. एका अमिरातीचा परवाना दुसरीत चालेल, असेही गृहीत धरू नये. चौकशी आधी करावी, जाहिरात नंतर.

याच संदर्भात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोबदला घेऊन जाहिरात करणाऱ्यांना २०१८ मध्येच परवान्याची अट लागू झाली होती. २०२५ मध्ये अमिरातींच्या माध्यम परिषदेने तिची कक्षा वाढविली. समाजमाध्यमांवर इतरांच्या मालाची जाहिरात करणाऱ्या व्यक्तीस, ती मोबदला घेवो वा न घेवो, जाहिरातदार-परवाना आवश्यक ठरविण्यात आला. स्वतःच्या मालाची जाहिरात करणाऱ्यास या अटीतून सूट आहे. म्हणजे आपली साडी आपण दाखविली तर या परवान्याचा प्रश्न येत नाही. परंतु तीच साडी मैत्रिणीला भेट देऊन तिच्याकरवी प्रशंसेची चित्रफीत प्रसारित केली, तर आपण तिला अडचणीत लोटू शकतो. स्नेहातून केलेल्या कामाचा दंड स्नेह्याला भरावा लागू नये.

दुसरी चूक अतिशयोक्तीची. आणि येथे आम्ही वैद्य म्हणून बोलतो. 'या चूर्णाने मधुमेह समूळ बरा', 'या तेलाने सांधे पूर्ववत', 'पंधरा दिवसांत गोरेपण' अशा जाहिराती आपल्याच समूहांतून फिरतात. जांभळाच्या बियांचे चूर्ण घेऊन इन्सुलिन थांबविणाऱ्या रुग्णाची साखर कोठवर चढते, हे त्या विक्रेत्याला कधी पाहावे लागत नाही. रुग्णालयाला पाहावे लागते. गोरेपणाच्या अनेक क्रीममध्ये पारा आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे. हा पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. वर, काळा वर्ण म्हणजे दोष, ही हीन कल्पनाही आपल्या मुलींच्या मनावर ठसते ती वेगळीच. कायद्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. आरोग्यविषयक जाहिरातीस आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते. दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन जाहिरातीस २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यानुसार कारावास अथवा २० हजार ते ५ लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मसाला चवीसाठी विकावा. औषध म्हणून विकू नये.

तिसरी चूक हिशेबाची. पसंतीचे अंगठे वाढले म्हणजे धंदा वाढला, असा समज रूढ आहे. या माध्यमांची यंत्रणा आपण जे मागतो तेच देते. जाहिरात देताना 'पसंती' हे उद्दिष्ट निवडले, तर ती अंगठा उमटविण्याची सवय असलेल्यांना दाखविली जाते; 'संदेश' निवडले, तर विचारणा करण्याचा संभव असलेल्यांना. क्षेत्र निवडण्यास विसरले, तर शारजातील पापडाची जाहिरात पुणे-नागपुरात पाहिली जाते, कौतुक होते आणि पैसे संपतात. एक साधे उदाहरण घेऊ. १०० दिरहम खर्चून ५,००० लोकांनी जाहिरात पाहिली, २० जणांनी विचारणा केली आणि चौघांनी माल घेतला. म्हणजे एका विक्रीमागे २५ दिरहम जाहिरातीवर गेले. त्या मालावर नफा १५ दिरहम असेल, तर प्रत्येक विक्रीत १० दिरहमचा तोटा झाला. आणि जाहिरात जितकी 'यशस्वी', तितका तोटा अधिक! पाच हजारांचा आकडा सर्वांना सांगितला जातो; पंचवीसचा आकडा कोणी वहीत मांडत नाही.

चौथी चूक अर्धवट बोलण्याची. 'किंमत इनबॉक्समध्ये' असे लिहिणे ही फॅशन झाली आहे. २०२० चा येथील ग्राहक संरक्षण कायदा किंमत स्पष्ट दर्शविण्यास सांगतो. आणि तुटपुंज्या पगारात घर चालविणारा माणूस किंमत विचारण्याच्या संकोचानेच परत फिरतो. घरपोच पोहोचविण्याचा खर्च, कोणत्या अमिरातीत माल पोहोचेल आणि परत घेण्याचा नियम हेही आधीच लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्याची सोय या देशात वर्षानुवर्षे बंद राहिल्याने ग्राहक लिहूनच विचारतो. म्हणून लेखी उत्तर हाच आपला विक्रेता समजावा; आणि तो दोन दिवस गप्प राहिला, तर दुकान बंद असल्यासारखेच आहे. तक्रार आली की ती पुसून टाकणे हाही उपाय नव्हे. सर्वांसमक्ष दिलेले नम्र उत्तर दहा जाहिरातींहून अधिक विश्वास देते.

शेवटची चूक आपल्या समूहांविषयीची आहे, आणि आम्हांस ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. वंदनेच्या वा शोकवार्तेच्या समूहात साडीचा फोटो टाकणे अशोभनीय आहे. मंडळाच्या सभासद-यादीतून क्रमांक उचलून जाहिराती पाठविणे त्याहून वाईट. तो क्रमांक मंडळावरील विश्वासापोटी दिलेला असतो, आणि २०२१ पासून येथे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदाही आहे. 'विक्रीचा काही भाग गावाकडील विद्यार्थ्यांना' असे सद्हेतूने लिहिणाऱ्यांनीही जपून राहावे, कारण २०२१ च्या देणगीविषयक कायद्यानुसार निधी गोळा करण्याचा अधिकार केवळ मान्यताप्राप्त संस्थांना आहे. मदत स्वतःच्या मिळकतीतून अवश्य करावी. तिची जाहिरात करू नये. आणि बाबासाहेबांचे छायाचित्र लावल्याने माल चांगला ठरत नाही. माल चांगला नसेल, तर त्या छायाचित्रालाच उणेपणा येतो. आपला माणूस पहिल्यांदा आपुलकीने घेतो. दुसऱ्यांदा तो माल पाहूनच घेतो.

बंधु-भगिनींनो, या उद्योगातून कित्येक भगिनींच्या हाती प्रथमच स्वतःच्या कमाईचा पैसा आला आहे. तो टिकावा, म्हणूनच हे सांगणे. परवान्याची चौकशी, खरे वर्णन, उघड किंमत आणि खर्चाची वही या चार गोष्टींना भांडवल लागत नाही. शिस्त लागते, आणि ती आपल्यापाशी आहे.

जय भीम!