लांकडी जमिनीखालची ऊब
उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत कित्येक घरांत लांकडी जमिनीच्या खालून कढत पाण्याची नळी फिरवून खोल्या उबदार ठेवतात. ती ऊब फळ्यांत नीट पसरावी म्हणून तुळयांच्या मधल्या जागेंत अॅल्युमिनियमचे पत्रे तळघरांतून वर जडवावे लागतात. तुळया बहुधा १६ इंचांवर असतात, जागा अडचणीची. एका हातानें पत्रा व दुसऱ्यानें नळी सांवरीत खिळे ठोकणारा माणूस थोड्याच वेळांत रडकुंडीस येतो! त्यापेक्षां खोबणीचे जाड पत्रे घेऊन भोकें आधींच पाडावीं, पत्रे स्क्रूनें बसवावे, आणि नळी मागाहून खोबणींत दाबावी. स्क्रू अर्थात् फळीच्या जाडीहून आंखूड हवा. मात्र वरून खालीं डोकावणारे जुने खिळे प्रथम कापलेच पाहिजेत. नाहींतर पत्रा फळीस टेकत नाहीं आणि मधली हवा उष्णता अडवून धरते.