हृदयाचे रक्षण : नित्यनियम आणि औषधोपचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब. संस्थेच्या वयाची पन्नाशी हा गौरवाचा क्षण असतो. मनुष्याच्या वयाची पन्नाशी मात्र सावधतेचा क्षण असतो. दक्षिण आशियातील लोकांच्या हृदयविकाराचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. या भागातील माणसाला पहिला झटका सरासरीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या सुमारास येतो, इतर देशांतील माणसापेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, असे त्यात आढळले. घरातील कर्ता पुरुष दुकानाची गादी सांभाळत असतो, मुलीचे लग्न ठरत असते, मुलाचे शिक्षण अर्धे झालेले असते. नेमक्या त्याच काळात हे संकट दारात उभे राहते. म्हणूनच या मंगल प्रसंगी हृदयाचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

हृदय हे मुठीएवढे स्नायूंचे इंद्रिय. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. सर्व देहाला रक्त पुरविणाऱ्या या इंद्रियाला स्वतःचे पोषण मात्र तीन मुख्य धमन्यांतून मिळते. त्यांच्या आतील भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि प्रवाह थांबतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटका क्षणात येतो. त्याची तयारी मात्र वीस-तीस वर्षे चाललेली असते. याचाच दुसरा अर्थ असा, की त्याला अडविण्यासाठीही तितकीच वर्षे हाती असतात.

ही तयारी कशाने होते, हे आता गूढ राहिलेले नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगासमोर आला. पुढे २००४ साली ५२ देशांतील, त्यांत भारतही होता, सुमारे तीस हजार लोकांचा ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याशी संबंधित सवयी या नऊ गोष्टींत पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग सामावतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यातील बहुतेक गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

ही यादी वाचताना जैन श्रावकाला काही ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. व्यसनत्याग, रात्रिभोजनत्याग, ऊणोदरी म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, रसपरित्याग म्हणजे तूप-तेल-गोड यांवर संयम, सामायिकातील अठ्ठेचाळीस मिनिटांची समता, साधू-साध्वींचा पायी विहार. आत्मशुद्धीसाठी सांगितलेल्या या आचारांत देहाच्या रक्षणाचाही मार्ग आपोआप आलेला आहे. असे असूनही शाकाहारी, निर्व्यसनी, धर्मपरायण कुटुंबांत हृदयविकार शिरतोच. याचे कारण प्रामाणिकपणे शोधावे लागेल.

पहिले कारण ताटातच आहे. शाकाहार हे हृदयाचे अभयपत्र नव्हे. मांस वर्ज्य केले, परंतु त्याची जागा फरसाण, शेव, तळलेल्या पुऱ्या, पापड, लोणची आणि मिठाईने घेतली, तर धमन्यांना त्यात फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरेसे मानते. पापड, लोणचे आणि फरसाण रोज ताटात असतील, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. वनस्पती तुपातील घातक मेदाविषयी आता कायदाही झाला आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील अशा मेदाची कमाल मर्यादा दोन टक्के ठरविण्यात आली. परंतु तळणीचे तेल पुनःपुन्हा उकळणाऱ्या कढईवर कायदा लक्ष ठेवू शकत नाही. ते काम घरातील श्राविकेचे आणि स्वामीवात्सल्याचा स्वयंपाक पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तेल, तूप, दूध, साखर यांवाचून निभावते; मग उरलेल्या दिवसांत त्यांचे माप निम्म्यावर आणणे अशक्य का असावे? आणि तपाच्या पारण्याला गोड-तळणाची रेलचेल झाली, तर तपाने शरीराला दिलेला विसावा एका दिवसात संपतो.

दुसरे कारण बैठकीत आहे. पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्या हंगामात लिलाव, वजनमाप, गाड्यांची भरणी आणि रात्री उशिरापर्यंतचा हिशेब यांत व्यापाऱ्याचा दिवस कधी संपतो ते कळत नाही. दिवसभर गादीवर बैठक, हातात चहाचा पेला, कानाला फोन आणि मनात भावाच्या चढउताराची चिंता. कांदा स्वतः वर्ज्य मानणाऱ्या घरालासुद्धा कांद्याच्या भावाने रात्रीची झोप न यावी, ही संसाराची गंमतच म्हणावयाची! परंतु शरीर ही गंमत समजून घेत नाही. अपुरी झोप आणि सततची चिंता यांनी रक्तदाब वाढतो. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, भरभर चालणे आवश्यक मानले जाते. स्थानकात वा मंदिरात दुचाकीवर जाण्याऐवजी पायी जाणे, एवढा नियम घेतला तरी यातील बराचसा वाटा पुरा होतो.

येथे एक स्थानिक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील भार वाढतो. म्हणून हृदयविकार वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी पौष-माघात पहाटेच्या अंधारात फिरावयास न निघता ऊन पडल्यावर, कान-छाती झाकून निघावे.

तिसरे कारण तपासणीविषयीच्या उदासीनतेत आहे. उच्च रक्तदाब दुखत नाही, मधुमेह आरंभी कळत नाही, कोलेस्टेरॉल तर कधीच बोलत नाही. दुकानाचा ताळेबंद दर दिवाळीला मांडणारा व्यापारी देहाचा ताळेबंद वर्षानुवर्षे मांडत नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांची तपासणी व्हावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. त्यासाठी शिंप्याची फीत पुरे. ज्यांच्या घरी वडिलांना किंवा भावाला पन्नाशीच्या आसपास झटका आला आहे, त्यांनी तर अधिकच लवकर जागे व्हावे.

ज्ञान असून भागत नाही, याचे एक हृदयद्रावक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. हजारो रुग्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. नितू मांडके मुंबईत हृदयरोगांसाठी भव्य रुग्णालय उभारण्याच्या ध्यासात होते. २२ मे २००३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्याच तीव्र झटक्याने त्यांचे निधन झाले. हा रोग पदवी पाहत नाही, कीर्ती पाहत नाही आणि कार्य अपुरे आहे म्हणून थांबतही नाही.

आता सर्वांत नाजूक विषय : व्रत आणि औषध. रक्तदाबाची गोळी, चरबीची गोळी, गुठळी होऊ न देणारी गोळी ही औषधे रोज घ्यावयाची असतात. विशेषतः धमनीत स्टेंट बसविल्यानंतर गुठळीविरोधी गोळ्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. पर्युषणात अठ्ठाई करावयाची म्हणून आठ दिवस गोळ्या ठेवून देणे, हे तप नसून जीवाशी केलेले साहस आहे. मधुमेही व्यक्तीने औषध वा इन्सुलिन चालू ठेवून उपवास केल्यास साखर एकाएकी उतरते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असता पाण्याशिवाय राहिल्यास शरीर कोरडे पडते. म्हणून व्रताचा संकल्प करण्यापूर्वी एकदा गुरूंना आणि एकदा डॉक्टरांना विचारावे. चौविहार पाळणाऱ्यांच्या अनेक गोळ्यांची वेळ सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी बसविता येते. मात्र डॉक्टरांना आपला नियम स्पष्ट सांगावयास हवा. संकोचाने न सांगता रात्रीची गोळी रोज चुकविणे, यात ना आरोग्य आहे ना धर्म.

ज्यांना वैद्यकीय कारणाने उपवास शक्य नाही, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. शास्त्राने बारा तपे सांगितली. सहा बाह्य आणि सहा अभ्यंतर. अनशन हे त्यांतील केवळ एक. ऊणोदरी, रसपरित्याग, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान यांसह उरलेल्या तपांचा मार्ग हृदयरुग्णालाही मोकळाच आहे.

आणि रात्री छातीत दुखू लागले तर? छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप ही झटक्याची लक्षणे होत. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेहींत कधी केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवते. अशा वेळी ‘गॅस झाला असेल, सकाळी पाहू’ हे वाक्य फार घातक आहे. रक्तप्रवाह थांबल्यापासून प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. नाशिक येथून सुमारे तीस किलोमीटर; गाडीने हे अंतर फार नाही, परंतु संकोचात घालविलेले तीन तास ते अंतर फार वाढवितात.

अशा प्रसंगी चौविहाराचा प्रश्न मनात आणू नये. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. त्यांतील सर्वसमाधीचा आगार असाध्य पीडेच्या वेळी, समाधी टिकावी म्हणून, औषध घेण्याची मोकळीक देतो. त्याने व्रताचा भंग होत नाही. ज्या आचार्यांनी नियम बांधला, त्यांनीच करुणेने हे दारही उघडे ठेवले. याविषयी ज्याच्या मनात शंका असेल त्याने महाराज साहेबांना आजच, निरोगी असतानाच, विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता शंकानिरसनास वेळ नसतो.

त्या घटकेला करावयाचे काम थोडके आहे. रुग्णाला बसवावे, चालवू नये, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी वा रक्तस्रावाचा विकार नसल्यास डॉक्टरांच्या सूचनेने ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यावी. ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय आधीच ठाऊक असावे. रुग्ण कोसळला व श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरकस दाब देत राहावे. ही क्रिया तरुण मंडळाने एका दिवसात शिकून घ्यावी अशी आहे.

खर्चाच्या भीतीनेही कोणी थांबू नये. २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेचे २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. तिच्यात हृदयावरील अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जैन सोशल फेडरेशनने उभारलेले रुग्णालय तर हृदयोपचारांसाठी सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना परिचित आहे. समाजाने एकत्र येऊन काय उभे करता येते, याचा तो जवळचाच दाखला होय.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने तीन छोटे नियम घ्यावेत. ताटातील तेल-मीठ मोजून वापरणे, वर्षातून एकदा घरातील सर्व प्रौढांची तपासणी करणे आणि आजारी सदस्याच्या औषधांची यादी व आणीबाणीचे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावणे. ट्रस्टनेही चातुर्मासात महिन्यातून एकदा स्थानकात रक्तदाब मोजण्याची सोय केल्यास ज्ञानदानाबरोबर अभयदानही घडेल. जीवदया पांजरपोळात जितकी शोभते, तितकीच ती स्वतःच्या घरातील वृद्ध माता-पित्यांच्या बाबतीतही शोभते. आणि जीवदयेची व्याप्ती स्वतःच्या देहातील जीवापाशी येऊन थांबू नये.

ट्रस्टच्या हीरकमहोत्सवाला आज येथे बसलेले अधिकाधिक श्रावक-श्राविका निरामय हृदयाने उपस्थित राहोत, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!