कुत्र्याने पाणी ओकले तर

माळव्यात वैशाख तापला, की धार-देवासच्या वाड्यांतील कुत्रीही तहानेने व्याकूळ होतात. धावून आलेला कुत्रा भांडे घटाघट रिकामे करतो आणि क्षणार्धात तेच पाणी जसेच्या तसे बाहेर टाकतो. पोट न आवळता सहज आलेले असे पाणी हा बहुधा घाईचा परिणाम असतो. थोडा विसावा आणि मग घोट घोट पाणी, एवढ्याने भागते.

परंतु घोटभर पाणीही पोटात ठरेना, ओकारीत रक्त दिसले, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. लहान पिल्लाला एक दिवसही फार होतो. १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग त्याला पाहता पाहता नेतो. पोट फुगले आहे, उमासे येतात, पण बाहेर काहीच पडत नाही, अशा वेळी जठराला पीळ पडल्याची शंका घ्यावी. तेथे प्रश्न तासांचाच असतो. वयस्क कुत्री अतोनात पाणी पिऊन ओकू लागली, तर मूत्रपिंड वा गर्भाशयाचा विकार असू शकतो.

एक सावधगिरी मात्र सर्वांआधीची. पाणी गिळताच येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे, असे दिसल्यास घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. तो पिसाळरोग असू शकतो.

महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दोन्ही गावांना ते फारसे दूर नाही. निघताना किती वेळा ओकला आणि ओकारीचा रंग कसा, एवढे टिपून न्यावे.